उलटी बाजू

मागच्या रविवारी सकाळी जुन्या बाजारात एका विक्रेत्याने मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर न देता नुसती हसले आणि पुढे निघाले, आणि ते हसणे मला आठवडाभर टोचत राहिले आहे. गंजलेले पाने, पितळी नळ, बिनझाकणाचे मिक्सर आणि जोडीदार हरवलेले बूट यांच्या पसाऱ्यात त्याने एका निळ्या ताडपत्रीवर शंभरेक तबकड्या उभ्या लावून ठेवल्या होत्या. बहुतेक हिंदी चित्रपटांच्या, काही नाट्यगीतांच्या, काहींची वेष्टने भिजून वाळलेल्या पापडासारखी वाकडी झालेली. त्यांत बोटे चालवता चालवता एक तपकिरी, करड्या उजेडाचे चित्र हाती लागले. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली कुरळ्या केसांची, अनवाणी बाई, तिच्या पुढ्यात उशीवर एक मांजर आणि बाईच्या हातात अर्धवट भरलेले कापड. अमेरिकेतल्या कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम. मी किंमत विचारण्याआधीच त्याने तबकडी माझ्या हातातून घेतली, चित्राकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, “ताई, ही गाण्यांचीच आहे ना? का शिवणकाम शिकवायची?” मी म्हटले, गाण्यांचीच आहे. तो आणखी जरा वेळ बघत राहिला. “मग गाणारी बाई सुई घेऊन कशाला बसलीय?”

साडेतीनशे रुपये देऊन मी ती विकत घेतली.

रिक्षातून घरी येताना मी मनात त्याला उत्तरे देत होते. सोपे उत्तर असे की अल्बमचे नावच तसे आहे. रंगीत धाग्यांनी चित्र विणलेल्या किंवा भरलेल्या, भिंतीवर टांगायच्या जाड कापडाला टॅपेस्ट्री म्हणतात, आणि तिच्या हातातले कापड तिने स्वतःच भरलेले होते. छायाचित्र जिम मॅक्रेरी यांनी लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमधल्या तिच्या राहत्या घरात काढले. मांजर पलीकडे उशीवर झोपले होते, ते उशीसकट ओढून चित्रात आणले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. पण विक्रेत्याला हे काही नको होते. त्याने जे विचारले ते कुणीही शहाणा माणूस विचारील तेच होते. आपल्याकडच्या गायिकेचे वेष्टनावरचे चित्र कसे असते? माइक असतो, तंबोरा असतो, निदान मान किंचित वर आणि डोळे मिटलेले असतात. घरच्या कपड्यांत, पाय वर घेऊन, टाके घालता घालता मान वळवून बघणारी बाई गाणारी असेल असे वाटत नाही. ती शेजारची वाटते. मला तर ती त्याहून जवळची वाटली होती, आणि म्हणूनच बहुधा मला उत्तर सुचले नाही.

हा अल्बम मी प्रथम ऐकला तेव्हा हे चित्र माझ्यासमोर नव्हतेच. १९८७ साली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना, कॅम्पात राहणाऱ्या एका मैत्रिणीने तो मला कॅसेटवर उतरवून दिला होता. तिची आई पियानो शिकवायची. त्यांच्या घरी दुपारी गेले की लाकडाच्या पॉलिशचा आणि बेकरीच्या बिस्किटांचा मिसळलेला वास यायचा आणि आतल्या खोलीत कुणीतरी एकच ओळ पुनःपुन्हा चुकत असायचे. मैत्रिणीने साठ मिनिटांची कॅसेट वापरली होती. तबकडीच्या एकेका बाजूची सहा-सहा गाणी बावीस मिनिटांच्या आसपास संपतात, त्यामुळे कॅसेटच्या पहिल्या बाजूला शेवटी सात-आठ मिनिटांची कोरी जागा उरली होती. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर तिने हिरव्या शाईने गाण्यांची नावे लिहून दिली होती आणि खाली एक सूचना होती, की मोठ्या आवाजात लावू नये, खरखर ऐकू येते. आमच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. तो आत्याकडे होता.

आत्या नारायण पेठेतल्या वाड्यात, मागच्या चौकातल्या दोन खोल्यांत एकटी राहत असे. पुढच्या खोलीत खिडकीखाली पायमशीन, मागच्या खोलीतल्या कोनाड्यात पेटी. पोलकी, परकर, फॉल-पिको आणि लग्नसराईत रात्ररात्र चालणारी ब्लाउजची शिलाई हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता, आणि चाली लावणे हा दुसरा, ज्याला उद्योग म्हणायला ती स्वतःच तयार नसे. आसपासच्या दोन-तीन भजनी मंडळांना ती अभंगांच्या चाली बांधून देई. मंगळागौरीची गाणी, बारशाचे पाळणे, कुणाच्या साठीशांतीला म्हणायचे काही, असे सगळे तिच्याकडे येई. शब्द बहुधा वाड्यातलेच एक निवृत्त मास्तर लिहीत. चाल मशीनवर सुचायची. पायाने पाय मारता मारता ती गुणगुणू लागे, मध्येच हात चाकावर ठेवून मशीन थांबवी आणि उठून पेटीवर दोन सूर तपासून परत येई. तिची एखादी चाल पेठेतून निघून कर्वेनगरच्या कुणाच्या मंगळागौरीत पोहोचायची आणि ती आत्याची आहे हे तिथे कुणाला ठाऊक नसायचे. आत्या तिथे पाहुणी म्हणून बसलेली असली तरी सांगायची नाही. घरी येताना एवढेच म्हणायची, “पंचमावर थांबायला हवं होतं त्यांनी. घाई केली.”

ती स्वतः गात नसे. शिकवताना जेवढे लागेल तेवढेच, तेही शब्दांवाचून, ना ना ना करत.

कॅसेट मी तिच्याकडे पहिल्यांदा लावली तेव्हा ती हुका लावत होती. इंग्रजी तिला वाचता येई, पण ऐकून कळत नसे, त्यामुळे शब्दांकडे तिचे लक्ष नव्हतेच. पहिली दोन गाणी झाली. तिसरे ‘इट्स टू लेट’ सुरू झाले तशी ती सुई ओठांत धरून ऐकू लागली आणि गाणे संपल्यावर म्हणाली, “परत लाव.” मग पेटी खाली आली. कोमल गंधार आणि शुद्ध धैवत तिला लगेच सापडले. “काफीसारखं आहे गं काहीतरी,” असे म्हणून ती खुश झाली. आणि ध्रुवपद आले तेव्हा तिचा हात हवेतच राहिला. त्या गाण्यात तिथे आधारस्वरच सरकतो, चाल एका घरातून उठून शेजारच्या घरात जाऊन बसते. आत्याने तीनदा मागे नेऊन ऐकले. “सा कुठे गेला हिचा?” तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव होते ते मी दुसऱ्याच्या शिलाईतला एखादा अवघड गळा उसवून बघताना पाहिलेले होते. संध्याकाळी दिवेलागणीला ती मला म्हणाली, “ही बाई काही मोठी गाणारी नाही. गळा साधाच आहे, वर गेला की चिरतो. पण चाल हिची स्वतःची आहे. श्वास कुठे घेते बघ. जिथे चालीचा जोड आहे, तिथे बरोबर. पाठ करून गाणाऱ्याला ते साधत नाही, ज्याने जोड दिला त्यालाच माहीत असतं.”

तिला हे कुणी सांगितलेले नव्हते, आणि मलाही तेव्हा कॅरोल किंगविषयी नावापलीकडे काही माहीत नव्हते. नंतर, पुष्कळ वर्षांनी, मी वाचत गेले तसतसे आत्याचे कान किती पक्के होते ते कळत गेले. १९४२ साली जन्मलेली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेली ही मुलगी सतराव्या वर्षी जेरी गॉफिनशी लग्न करून संसाराला लागली. दिवसा तो एका रसायनांच्या प्रयोगशाळेत नोकरी करी, आणि रात्री दोघे मिळून गाणी रचीत. चाल तिची, शब्द त्याचे. ब्रॉडवेवरच्या ज्या इमारतीत त्यांचे प्रकाशक होते तिथे लहान लहान खोल्या होत्या, प्रत्येकीत एक पियानो, आणि भिंतीपलीकडून दुसऱ्या जोडप्याचे गाणे ऐकू येत असे. (मला यावर नेहमी वाटते की आमच्या वाड्यातही हेच होते, फक्त पियानोऐवजी एकाच्या घरी पेटी आणि दुसऱ्याच्या घरी भांडण.) ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ची चाल तिने टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली, नवऱ्यासाठी चिठ्ठी लिहिली आणि ती माजाँग हा सोंगट्यांचा खेळ खेळायला निघून गेली, घरी आल्यावर त्याने शब्द लिहिले, असे सांगतात. तिचे वय अठरा होते. शिरेल्स या मुलींच्या गटाने ते गायले आणि १९६१ च्या आरंभी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलीला सांभाळायला येणाऱ्या मुलीने त्यांचे ‘द लोको-मोशन’ गायले, तर तेही पहिले आले. घरातल्या मुलीला सांभाळणारी सगळ्या देशाला नाचवते आणि चाल लावणारी बाई स्वयंपाकघरात असते, ही कल्पना मला फार आवडते आणि थोडी बोचतेही. १९६७ साली ‘अ नॅचरल वुमन’ अरीथा फ्रँकलिन या गायिकेने गायले. त्यानंतर ते गाणे दुसऱ्या कुणाचे असू शकते असे कुणाला वाटलेही नसेल.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आकाशवाणीवर गाणे लागण्याआधी निवेदक तीन नावे सांगत असत, गीतकार, संगीतकार आणि गायक, आणि ही तीन माणसे वेगळी असणार हे आपण गृहीतच धरले होते. पुणे केंद्रावर १९५५ च्या रामनवमीला सुरू झालेल्या गीतरामायणाची छप्पन्न गाणी गदिमांनी लिहिली, सुधीर फडक्यांनी बांधली, पण त्या पहिल्या प्रसारणात ती वेगवेगळ्या गळ्यांतून आली. बाबूजींनी सगळी गाणी स्वतः बैठकीत गायला घेतली ती नंतर. माझ्या आईच्या पिढीला विचारले तर त्यांच्या कानात मात्र बाबूजींचाच आवाज असतो. त्याआधीच्या काळात जावे तर जात्यावर बसलेली बाई होतीच, जी ओवी रचायची तीच गायची, आणि ऐकायला समोर बहुधा दुसरी दळणारीच असायची. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यात राहून, गावोगाव हिंडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्या ओव्यांना गाणारणींची नावे लागली. आत्याला हे मी एकदा सांगितले होते. तिने विचारले, “आणि चाल कुणाची?”

तिचे स्वतःचे मत ठरलेले होते. चाल आपली असली की झाले, गळा कुणाचाही असू दे.

मला ते मत पटत नसे. मला वाटायचे की हे ती मनाची समजूत घालायला म्हणते. १९९१ साली माझ्या केळवणाला मी हट्ट धरला की या वेळी आत्यानेच गायचे. सगळ्यांनी साथ दिली, शेजाऱ्यांकडून माइकही आणला. ती बसली, पेटी पुढे घेतली, भाता हलवला, तोंड उघडले आणि आवाज आला नाही. नुसता कोरडा घास गिळल्यासारखा एक ध्वनी माइकमधून खोलीभर पसरला. तिने डोळे खाली घातले आणि चाल पेटीवर वाजवायला सुरुवात केली. शेजारच्या मुलीने प्रसंग ओळखून शब्द उचलले. गाणे छान झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन रडले, आणि खरे सांगायचे तर मला तिची कीव आली नव्हती, राग आला होता. पुढे कधीतरी वाचले की कॅरोल किंगलाही रंगमंचाची भीती वाटायची. तिच्या ‘द सिटी’ या गटाचा अल्बम पडला त्यामागे, ती कार्यक्रमांना उभी राहायला तयार नव्हती, हेही एक कारण होते. जेम्स टेलर या गायकाच्या साथीला ती पियानो वाजवत असे. तिच्याच जुन्या कॉलेजात कार्यक्रम होता तेव्हा त्याने तिला ऐनवेळी पुढे करून गायला लावले. हे वाचून मी पुस्तक मिटले. टेलरने केले तेच मी केले होते. तिथे आवाज फुटला, इथे फुटला नाही, आणि यातून काही अनुमान काढता येईल असे मला आजही वाटत नाही.

‘टॅपेस्ट्री’ जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत मुद्रित झाला आणि १० फेब्रुवारीला बाहेर पडला, तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. तोवर गॉफिनपासून ती वेगळी झाली होती, दोन मुलींना घेऊन पश्चिमेच्या टोकाला राहायला आली होती आणि स्वतःच्या नावाचा आधीचा अल्बम फारसा कुणी विकत घेतलेला नव्हता. निर्माते लू अॅडलर यांनी केले ते एवढेच, की तिचा पियानो आणि आवाज पुढे ठेवला आणि बाकीचे थोडे मागे सारले. बारा गाण्यांपैकी सातांचे शब्दही तिचे आहेत. दोन टोनी स्टर्नने लिहिली, तिनांत गॉफिनचे शब्द आहेत. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्यांना दिलेले ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ इथे तिने स्वतः घेतले आहे, निम्म्या गतीने घेतल्यासारखे वाटावे इतके संथ, आणि मागे सूर धरायला जेम्स टेलर आणि जोनी मिचेल आहेत. अठराव्या वर्षी बांधलेल्या चालीत विचारलेला प्रश्न एकोणतिसाव्या वर्षी, घटस्फोटानंतर विचारला की तो तोच राहत नाही. एक स्वरही न बदलता हे झालेले आहे. जूनमध्ये हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि सलग पंधरा आठवडे तिथेच राहिला. आजवर जगभरात त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. पुढच्या वर्षी त्याला संगीतातले चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले, त्यांत वर्षातला सर्वोत्तम अल्बम हेही. ते पुरस्कार घ्यायला ती गेलीच नाही. घरी तान्हे बाळ होते.

आत्याला हा शेवटचा तपशील फार पटला असता.

आता त्या कॅसेटविषयी. एका पावसाळ्यात, दमट हवेमुळे असेल, ‘होम अगेन’ चालू असताना पट्टी टेपरेकॉर्डरच्या चाकात गुंडाळली गेली. मी घाबरून ओढायला निघाले तशी आत्याने माझ्या हातावर चापट मारली. तिने दोऱ्याचा गुंता सोडवतात तशी ती पट्टी बोटांनी मोकळी केली, चुरगळलेला वीतभर तुकडा ब्लेडने तिरका कापला आणि दोन टोके सेलोटेपने अशी जोडली की नखानेही जोड लागू नये. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते, म्हणजे वीतभर पट्टीबरोबर पाच सेकंदांचे गाणे गेले. पण पट्टी एकच असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंची गाणी शेजारी शेजारी, उलट दिशांनी धावत असतात. त्यामुळे पहिल्या बाजूवर ‘होम अगेन’ तुटले तेव्हा नेमके त्याच्या पाठीवरचे दुसऱ्या बाजूचे गाणेही तुटले, आणि ते होते ‘टॅपेस्ट्री’, ज्यावरून अल्बमचे नाव आले ते. मी हळहळले तर आत्या म्हणाली, “अगं, भरतकाम करताना पुढून टाका चुकला तर मागूनही उसवावा लागतो की.” तिच्याकडे मॅटीवर फुलीचे टाके घालून भरलेले हंसाचे एक चित्र काचेत लावलेले होते. लहानपणी आम्ही ते भिंतीवरून काढून उलटे बघायचो, कारण कुठला धागा कुठून कुठे गेला ते मागून दिसायचे आणि हंस दिसायचा नाही.

आणि ती कोरी जागा. एका भजनी मंडळाची स्पर्धा होती, आणि मास्तर मुलाकडे नागपूरला गेले होते. त्यांना चाल कळावी म्हणून आत्याने ती टेपवर घ्यायचे ठरवले. त्याआधी तालीम म्हणून माझ्या कॅसेटची उरलेली जागा तिने वापरली. ‘वे ओव्हर यॉन्डर’ संपते, दोन क्षण खरखर, मग खट्ट असा आवाज आणि आत्या विचारते, “झालं का गं चालू?” मग पेटी. मग तिचा आवाज, शब्दांवाचून. एकदा ती मध्येच थांबते, “हे असं नको, परत घेते,” म्हणते आणि त्याच जागेवरून दुसऱ्या वळणाने जाते. मागे चौकात कुणीतरी बादली भरत असते, तिचा आवाज वर चढत जातो आणि नळ बंद होतो. माइक समोर नव्हता, टेपरेकॉर्डरमधलाच होता, आणि आत्याला समोर मीच होते, म्हणून असेल, पण त्या सात-आठ मिनिटांत तिचा आवाज कुठेही कोरडा पडलेला नाही. तो साधा आहे आणि वर गेला की चिरतो.

वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा आत्या आमच्याकडे राहायला आली. आवराआवर मी केली नव्हती, ज्यांनी केली त्यांनी माळ्यावरच्या खोक्यांत काय आहे ते बघितले नाही, आणि खोकी भंगारवाल्याने वजनावर नेली. आत्या जाऊनही आता वीस वर्षे होऊन गेली. जुन्या बाजारात मी तबकड्या बघायला जाते असे घरी सांगते. प्रत्यक्षात मी कॅसेटींच्या ढिगाऱ्यात हिरव्या शाईचे अक्षर शोधत असते, आणि इतक्या वर्षांत ते मिळणार नाही हे मला कळते.

मोबाइलवर हा अल्बम केव्हापासून आहे. मी त्यातले सुटे एखादे गाणे ऐकले असेल, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी लावला नाही. त्यापेक्षा एक चित्रफीत मात्र अनेकदा बघितली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये कॅरोल किंगचा सन्मान झाला. ती वर सज्जात बसलेली होती आणि खाली अरीथा फ्रँकलिन आली, पियानोवर बसली आणि तिने ‘अ नॅचरल वुमन’ सुरू केले. मध्येच ती उठली आणि अंगावरचा फरचा कोट खाली टाकून गाऊ लागली. सज्जातली त्र्याहत्तर वर्षांची बाई दोन्ही हात डोक्याला लावून, तोंड उघडे टाकून, लहान मुलीसारखी उभी. आपली चाल दुसऱ्याच्या गळ्यात ऐकताना माणसाचा चेहरा असा होतो हे बघून मला कर्वेनगरची मंगळागौर आठवली, आणि आत्या मनाची समजूत घालत होती या माझ्या जुन्या खात्रीला तिथे पहिल्यांदा तडा गेला. पुरता गेला असे म्हणवत नाही. कारण तेच गाणे ‘टॅपेस्ट्री’च्या अगदी शेवटी तिने जवळजवळ पियानो आणि बास हे तंतुवाद्य एवढ्यावरच गायले आहे, आणि ते ऐकताना वाटते की हिला हे कधीतरी स्वतःच्या तोंडून म्हणायचे होतेच.

रविवारी संध्याकाळी तबकडी पुसून लावली. विक्रेत्याने ती उलटी भरली होती की मी लेबल नीट बघितले नाही कोण जाणे, पण दुसरी बाजू आधी लागली. तबकडीला मधोमध एक ओरखडा आहे, तो प्रत्येक फेरीला टिक करतो. ‘टॅपेस्ट्री’ आले आणि त्यात मला ठाऊक नसलेली पाच सेकंदे आली. इतकी वर्षे हे गाणे मी एका उडीसकट मनात म्हणत आले होते. ती जागा भरलेली ऐकून बरे वाटेल असे वाटले होते, पण कुणीतरी आपल्या घरात भिंत बांधून ठेवावी तसे झाले. मग शेवटचे गाणे झाले. उठून बाजू बदलली. ‘इट्स टू लेट’ला सा सरकला तेव्हा मला हसू आले. ‘होम अगेन’मधली पाच सेकंदे येणार हे आता माहीत होते, तरी मी त्या जागेवर श्वास रोखून बसले, आणि ती सरळ, काही विशेष न होता, येऊन गेली.

‘वे ओव्हर यॉन्डर’ संपले. सुई आतल्या वर्तुळात जाऊन फिरत राहिली, खर्र, टिक, खर्र, टिक. वेष्टन माझ्या मांडीवर होते. खिडकीतल्या त्या बाईने हातातले काम थांबवून मान वर केलेली, मांजर जागे. बाहेर कुणाच्या तरी गॅलरीत बादलीचा आवाज झाला. आमचा तबकडी-वादक आपोआप थांबणाऱ्यांतला नाही, सुई उचलावी लागते, नाहीतर ती झिजते, हे मला पक्के माहीत आहे. तरीही मी घड्याळ बघितले आणि आठ मिनिटे उठले नाही.